रद्द प्लेट

"किती निवांत उभी आहे ही बाई!" श्रीनिवासराव चित्राच्या अगदी जवळ गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काचेला जवळजवळ नाकच लावलं. "पाणी भरून दमलेली दिसते. जरा विसावलीय बिचारी."

तनुजाने चहाचा कप खाली ठेवला. सदाशिव पेठेतल्या त्या लहानशा गॅलरीत संध्याकाळपासून हेच वाक्य तिने वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं होतं. चित्र तिचं होतं. तांब्याच्या प्लेटवर सुईने कोरलेलं, आम्लाने खोल केलेलं, शाई भरून हाताने छापलेलं. गावची विहीर, तिच्यावरचा रहाट, काठावर बायकांची गर्दी, मागे चिंचेचं झाड. आणि बाजूला, घागर पायाशी ठेवून उभी असलेली एक बाई.

"ती विसावलेली नाही," तनुजा म्हणाली. "ती माझी आजी आहे, सुंदराबाई. त्या घागरीत पाणी नाही. आम्हाला विहिरीला शिवू देत नव्हते. वरून कुणी ओतेपर्यंत ती अशी उभी राहायची. माझी आई तिचा पदर धरून. कधी कधी दुपार व्हायची."

श्रीनिवासराव निवृत्त प्राध्यापक होते आणि माणूस वाईट नव्हता. ते ओशाळले. पुन्हा चित्राकडे वळले, बराच वेळ बघत राहिले, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "असेल हो. पण चित्रात तसं काही दिसत नाही."

"आणि तेच बरं आहे, सर," गॅलरीचा मालक अभय मध्येच हसत म्हणाला. तनुजाला त्याने बाजूला घेतलं. "मॅडम, आनंदाची बातमी. वाघोलीला मोठी टाउनशिप होतेय. बिल्डरला तुमच्या उरलेल्या सगळ्या प्रती हव्यात. सॅम्पल फ्लॅट, क्लब हाउस, प्रत्येक लिफ्टच्या बाहेर. फक्त नाव बदलू या. 'पाणी' त्यांना फार कोरडं वाटतं. 'निवांत' ठेवू."

"नाव बदलणार नाही."

"अहो, दिवाणखान्यात भांडण कोण टांगतं? इतकं सुंदर काढलंय तुम्ही, तर लोकांना सुंदर वाटू द्या की. का आपण प्रत्येक फ्लॅटमध्ये समजावून सांगायला जाणार आहात?"

तनुजाने पर्स उचलली आणि ती बाहेर पडली.

स्कूटरवर नदीचा पूल येईपर्यंत ती अभयवर चिडलेली होती. पुलानंतर श्रीनिवासरावांवर. येरवड्यातल्या घराशी तिने गाडी लावली तेव्हा तो सगळा संताप तिच्या स्वतःवर आला होता, कारण म्हातारा खरं बोलला होता. आजीच्या लुगड्याच्या चुण्यांवर तिने आठवडेच्या आठवडे घालवले होते. चेहऱ्यावर कोवळं ऊन पाडलं होतं. तिने आजीला इतकं मायेने कोरलं होतं की तिचा अपमान कुठे दिसायला जागाच उरली नव्हती.

पुढच्या खोलीत, इतरांकडे सोफा असतो तिथे, छपाईचा प्रेस होता. त्याच्या शेजारी बसून तिची आई सुशीलाबाई कोथिंबीर निवडत होत्या. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं; घरी त्या कमीच बोलत.

"काय म्हणाले लोक?"

"शांत वाटलं त्यांना. फार शांत वाटलं."

सुशीलाबाईंनी काडी मोडली आणि बाजूला टाकली.

जाहीर केलेल्या प्रती छापून झाल्या की चित्रकाराने प्लेटवर रेघ मारून ती रद्द करायची, आणि रद्द झाल्याचा पुरावा म्हणून एक शेवटची प्रत काढून ठेवायची, असा या कामातला रिवाज आहे. मग पुन्हा कुणी त्या प्लेटवरून लपूनछपून छापू शकत नाही. तनुजाने चाळीस प्रती जाहीर केल्या होत्या. निम्म्याही अजून छापल्या नव्हत्या. तिने प्लेट टेबलावर घेतली आणि सुई काढली.

फोन वाजला. अभय होता. "रागावून गेलात. असो. आठवडाभरात किती प्रती देता?"

"एकही नाही. प्लेट रद्द करतेय."

"अहो, वर्ष घातलंय तुम्ही त्यात! डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिने फोन बंद केला. "आई, थांबवायचं असेल तर आत्ता सांग."

"मी कशाला थांबवू? प्लेट तुझी, हात तुझा."

रेघ मारायची ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. तनुजाने टोक टेकवलं. वाटेत आजीचा चेहरा येत होता. तिने सुई उचलली. उरलेल्या दोन कोपऱ्यांकडून पाहिलं, तर रेघ आजीच्या पायांवरून जात होती. तिचा हात धजेना. त्या न धजण्याचाही तिला राग आला. मग दात आवळून, आजीला तेवढं चुकवून, तिने वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सुई अशी खेचली की तांब्याचा कीस वर आला.

तिने शाई भरली, पुसली, ओला कागद ठेवला आणि प्रेसचं चाक फिरवलं.

मग कागद अलगद उचलला. रेघ जाड, काळी, काठाशी फाटलेली उमटली होती. चिंचेच्या फांद्या चिरत ती जमिनीत उतरली होती. रेघेच्या एका बाजूला विहीर, रहाट आणि सगळ्या बायका. दुसऱ्या बाजूला आजी आणि तिची घागर.

सुशीलाबाई उठून आल्या. पदराला हात पुसत त्यांनी कागदावर वाकून पाहिलं. मग त्यांचं बोट, कागदाला न लावता, त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत फिरलं.

"ही होतीच तिथं," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून काढायची राहिली होती."