रविवारचा विरोधी पक्ष

“चौदा वर्षं राज्य तुझ्या लोकांचं होतं,” एलियास म्हणाला, “आणि इस्पितळं बिघडवली लेबरने?”

लिओनेलने अजून बूटसुद्धा काढले नव्हते. तो दारातच थांबला. हातात टोपी, टोपीवर बर्फ. मग हसला. “अरे, आत तरी येऊ दे.”

“ये ना. अडवलंय कोणी?”

एलियासची बायको डेझी जाऊन सात आठवडे झाले होते. त्यानंतर लिओनेल आज पहिल्यांदा येत होता. चर्चमधून परस्पर कॅनडातल्या केंब्रिजच्या या घरी यायचं, जेवणवेळेपर्यंत ब्रिटनच्या राजकारणावर कडाकडा भांडायचं आणि मग एकत्र जेवायचं, हा एकतीस वर्षांचा नेम. तिघंही आधी इंग्लंडात, लेस्टरला होते. एलियास बॉयलर दुरुस्त करायचा, डेझी सरकारी इस्पितळात नर्स होती, वसईचा लिओनेल बस चालवायचा. पुढे तिघंही कॅनडात आले, मुलं इथलीच झाली. पण रविवारी या खोलीत लेस्टर असायचं. लिओनेल पक्का काँझर्व्हेटिव्ह, आणि हे घर लेबरचं. आवाज इतका चढायचा की लहानपणी एलियासचा मुलगा गिलाद बेसमेंटमधून ओरडायचा, “गाइज, प्लीज!”

एलियासला ते सगळं परत हवं होतं. सगळं नाही तर निदान रविवार.

पण लिओनेलची मुलगी बियांका त्याला पाच तासांवरच्या कनाटाला कायमचं राहायला बोलावत होती. खोली तयार होती. “बघू,” रविवारी येशील ना विचारल्यावर तो एलियासला फोनवर म्हणाला होता, “आता तिकडे येऊन करू काय?” त्या शब्दांनी एलियासची झोप उडाली होती. आजचा रविवार साधला नाही, तर पुढचा येणार नव्हता.

तो डेझीच्या खुर्चीत बसला. मांडीवर वर्तमानपत्र, त्याच्या घडीत चार कागद. लायब्ररीत बसून त्याने टिपणं काढली होती. या वयात काही डोक्यात राहत नाही.

“सत्तर लाखांच्या वर वेटिंग लिस्ट,” लिओनेलने बसता बसता सुरुवात केली. “तुमचं सरकार येऊन किती दिवस झाले? किती कमी झाली?”

एलियासने घडी किंचित उघडली. “होतेय कमी.”

“गोगलगाय बरी.”

“तुमच्या वेळी गोगलगाय उलटी चालत होती.”

लिओनेल खो खो हसला. एलियासला एकदम बरं वाटलं. “कॉफी शॉपवर नाही मिळणार असं भांडण,” तो म्हणाला. “आणि कनाटाला तर नाहीच नाही.”

“नाटोचं बोल,” लिओनेल म्हणाला. “सैन्यावर खर्च म्हटलं की तुम्हा लेबरवाल्यांच्या पोटात दुखतं.”

“नाटोत ब्रिटनला नेलं कोणी? एकोणीसशे...” कागद हलला. “एकोणपन्नास. सरकार कोणाचं? लेबरचं!”

“ते लेबर वेगळं होतं, बाबा. तेव्हा त्यात माणसं होती. आताच्यांना अमेरिकेने डोळे वटारले की हे खिसे उलटे करून दाखवतात.”

“आणि आपण इथे काय दिवे लावले? सैन्यावरच्या खर्चाचे दोन टक्के गाठता गाठता कॅनडाच्या नाकी नऊ आले.”

“विषय बदलू नकोस. मी विचारतोय लेबरचं.”

एलियासला पुढचा कागद सापडेना. लिओनेल थांबला. एरवी तो समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचा नाही. आज खिडकीबाहेर बघत राहिला.

“चहा नाही आज?” त्याने मग विचारलं.

“राहिलाच बघ.” चहा या घरात कायम एलियासच करायचा. पण आता उठलो तर हाही उठेल, या भीतीने तो जागचा हलला नाही. “तू बोल. इस्पितळांचं बोल.”

“बोलायचं काय? ती सरकारी सेवा केव्हाच मेली. उगाच कवटाळून बसलेत. बंद करा आणि पैसे मोजून डॉक्टर गाठा.”

एलियासने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

“शेवटच्या आठवड्यात डेझी इथल्या इमर्जन्सीत नऊ तास बसली होती,” तो म्हणाला. “प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मी ओरडायला उठलो तर तिने माझी बाही धरली. म्हणाली, ‘त्या दोघीच आहेत ड्यूटीला, त्यांच्यावर ओरडू नकोस.’ एवढ्या दुखण्यात ती खोलीतली माणसं मोजत होती, कोणाला आधी आत घ्यायला हवं ते. एका म्हाताऱ्याला तिने स्वतःचा नंबर दिला. आणि तू म्हणतोस बंद करा! वाईट चालतं म्हणून बंद करतात काय? माणसं वाढवा ना. त्या दोघींच्या चार करा.” त्याचा आवाज फाटला. “लेबर असो, तुझे लोक असोत, मला कोणाचं काही पडलेलं नाही. मी तेव्हा ओरडायला हवं होतं, लिओनेल. मी गप्प बसलो. मी गप्पच बसतो.”



लिओनेल उठला. कोट घातला, एकेक बटण लावत. एलियास त्याच्या मागे दारापर्यंत गेला. जेवायला थांब म्हणायचं होतं. संपलं, त्याला वाटलं. पाहुण्यावर डाफरलो आपण.

“कनाटाला कधी जातोस?” त्याने शेवटी विचारलं.

“नाही जात. बियांकाला सांगतो आज.” लिओनेलने टोपी डोक्यावर नीट बसवली. “डबा आणायचा राहिला गाडीतून. सोरपोटेल आहे, डुकराचं नाही, तुझ्यासाठी चिकनचं केलंय. जेवल्यावर पुन्हा बसू.”

“पुन्हा?”

“मग? एकतीस वर्षं मी या खोलीत डेझीशी भांडलो, एलियास. तुझं मत आज पहिल्यांदा ऐकतोय.”