पुंजण्याच्या आगीचा व्रण

टिकारामने नडगीवरची पट्टी सोडली आणि पाय पुढे केला.

"काऊन येवढं वाकून पाहून राहिले, डाक्टरसाहेब? बैलाचं शिंग लागलं, दुसरं काय!"

डॉक्टर नंदलाल सडक अर्जुनीच्या दवाखान्यात नवेच होते. त्यांचं लक्ष जखमेपेक्षा तिच्याभोवतीच्या चकाकत्या, ताणलेल्या कातडीवर होतं.

"हे भाजलं कधी?"

"पंधरा वर्सं झाली. खळ्यावर रचलेल्या धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं पेटलं अन् माह्या आंगावर पडलं. हिनं हात घालून ओढलं मले, नाही तं कोळसाच झालो असतो."

ही म्हणजे शकुंतलाबाई, त्याची बायको. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून ती दाराशी उभी होती.

भाजल्याच्या जुन्या व्रणात बऱ्याच वर्षांनी कर्करोग होऊ शकतो, हे डॉक्टर शिकले होते. त्यांनी जखमेचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. "तसं निघालं तर पाय कापावा लागेल. वेळेत कापला तर माणूस वाचतो."

टिकारामने पाय मागे ओढला. बोलली ती शकुंतलाबाई.

"तशा जखमेले वास येते का, साहेब? काठ कडक होऊन वर येतेत?"

"हो, येतात."

"अन् काखेत गाठ आली तं?"

डॉक्टरांना हसू आलं. "पायाची गाठ जांघेत येते, बाई."

"लय इचारते ही," टिकाराम खेकसला. "पाय माहा, अन् झोप हिची गेली."

डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली. तिने ती डाव्या हाताने घेतली. हे त्यांना जरा खटकलं.

नागपूरहून उत्तर आलं तोवर जखम भरत आली होती. कर्करोग नव्हता.

"मंग यंदा धानाच्या रोवणीच्या चिखलात मीच पयले उतरतो!" म्हणत टिकाराम बैलबंडी जुंपायला बाहेर धावलाच.

शकुंतलाबाई मात्र जागची हलली नाही.

"आता कसली काळजी?" डॉक्टर म्हणाले. "पाय वाचला त्यांचा."

"वाचला, साहेब. तेच पायजे होतं." तिने दाराकडे एकदा पाहिलं. मग पदराखालचा उजवा हात काढून टेबलावर ठेवला, आणि कोपरापर्यंत गुंडाळलेलं फडकं सोडू लागली.

"एका हातानं रोवणी जमंल का?"