नळीचं की वायरचं

"हे खेळणं मी नाही बसवणार," मिस्त्री म्हणाले आणि तो चकचकीत खोका त्यांनी बाकावर दूर सारला.

लेकीची गाडी बॉनेट उघडं टाकून शेडमध्ये उभी होती. लेक जनावरांची डॉक्टर. रोज घाट चढून पलीकडच्या गोठ्यांवर जायची. टेंपरेचरचं मीटर बंद पडल्यापासून गाडी दोनदा वाटेत उकळली होती. नवं मीटर हवं, यात वाद नव्हता. वाद होता तो कोणतं यावर. खोक्यात विजेवर चालणारं, वायरचं मीटर होतं. मिस्त्रींनी मात्र उभ्या हयातीत नळीचंच बसवलं. इंजिनात ईथर भरलेला धातूचा बल्ब आणि तिथून थेट काट्यापर्यंत तांब्याची बारीक नळी. बॅटरी मेली तरी काटा खरं बोलणार.

"वायरचं सोपं पडेल, बाबा."

"नवऱ्याने शिकवलं वाटतं?"

ती चहा टाकते म्हणून घरात गेली.

मिस्त्रींचा नुसता जळफळाट झाला. जावई मोठ्या वर्कशॉपात इंजिनिअर. लॅपटॉप जोडून गाडीचं दुखणं सांगायचा. हात कधी काळे नाहीत. माणूस वाईट नव्हता आणि तेच जास्त खुपायचं. ही पोर दहाव्या वर्षी नुसत्या आवाजावरून इंजिनाची कुरकुर ओळखायची, ती कुणाच्या जिवावर? आणि आता ऊठसूट 'तो म्हणतो'. तो म्हणतो कूलंट बदल, तो म्हणतो बेल्ट बघून घे. वर्षभरात मिस्त्रींना कुणी काही विचारलं नव्हतं. आता मीटरही त्याच्याच पसंतीचं!

"बघतोच," ते पुटपुटले. कपाटात जपून ठेवलेलं नळीचं मीटर त्यांनी बाहेर काढलं.

बल्ब झकास बसला. नळी भोकातून आत आली. उरलं ते डॅशबोर्डमागचं एक वळण. नळी अंगठ्यावर हळूहळू गोल वळवायची, घडी पडू द्यायची नाही. हे काम त्यांनी शेकडो वेळा गप्पा मारता मारता केलं होतं. पण अंगठा थरथरला. त्यांनी श्वास रोखला, दुसरा हात आधाराला लावला. तोही थरथरत होता. नळी मुडपली, चिरली. ईथरचा उग्र वास सुटला आणि काटा निपचित पडला.

लेक कप घेऊन दारात उभी होती. तो वास तिच्या ओळखीचा होता. तिने कप ठेवले, खोका उघडला आणि वायरचं मीटर त्यांच्यापुढे धरलं.

"बोलव तुझ्या नवऱ्याला," मिस्त्री म्हणाले. "त्याचंच खरं ठरलं. त्यालाच बसवू दे."

"त्याने कुठे हे सांगितलं? तो तर म्हणत होता नळीचंच घे, बाबा इतकी वर्षं उगाच बसवतात का. दोन दिवस भांडतोय माझ्याशी. वायरचं मी आणलं."

"का?"

"वायर कशीही वाकली तरी चालते." ती गाडीकडे बघत होती. "आणि माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला नको."

मिस्त्रींनी फडकं उचललं. बराच वेळ हात पुसत राहिले.

"त्याला ठाऊक आहे? हातांचं?"

"नाही. त्याला वाटतं, मला ह्या मीटरचा निळा उजेड आवडला."