आहेरावरचं नाव

सत्त्याऐंशी साली झरीचा पंडित दूर घाटातल्या राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक होता. तिथल्या गच्च सदाहरित जंगलात ऊन जमिनीपर्यंत पोचत नसे, शिसवीचे चोर मात्र पोचत. त्यांना एकट्यानं अडवताना पंडितचा डावा हात मोडला. तो गळ्यात बांधून उजव्या हातानं त्यानं जप्त ओंडक्यांच्या टोकांवर सरकारी हातोडा मारला, लाकडात आपला नंबर उमटवला.

"कोर्टातला पुरावा आहे हा. डेपोतून काडी हलणार नाही," साहेबांनी पाठ थोपटली.

पुढं पंडितच्या लग्नात साहेबांनी ट्रकनं शिसवी पलंग आहेर धाडला. सगळी झरी बघायला लोटली.

"लय मोठ्या मनाचा हाय रे तुजा सायब," आई छबूबाई म्हणाली. आहेराच्या भांड्यांवर असतं तसं देणाऱ्याचं नाव कुठं कोरलंय, म्हणून तिनं पलंग उलटा करायला लावला. एका पायाच्या तळाला तिची बोटं अडखळली.

"हे बघ, टाकलंय नाव! वाच बरं, मला कुठं वाचता येतंय."

पंडितनं वाकून पाहिलं. त्याच्याच हातोड्याचा नंबर होता.



"माजंच हाय, माय."