दोन माणसांची गाडी

पडद्यावरची गाडी टेकाडावरून उडाली, चारही चाकांवर उतरली आणि उतरल्या उतरल्या चेंडूसारखी उसळून कुशीवर पडली. लाल अक्षरं आली. संघप्रियानं कंट्रोलर मांडीवर टाकला.

"गेली. दुसरीपण गेली."

शाळेच्या गेमिंग टीममध्ये एक जागा उरली होती. सहाच्या आत तिच्या तीन फेऱ्या मोजल्या जाणार होत्या. त्यातली एक जरी पुरी झाली तर जागा तिची, नाहीतर शाळेतल्या दिपकची. घड्याळात सव्वापाच झाले होते.

"तुमच्यामुळं गेली, आप्पा. स्प्रिंगा कडक कर म्हणालात तुमी. तुमाला वडापातलं कळतंय, ह्यातलं न्हाय."

शेजारी तिचे आजोबा, त्रिंबकआप्पा, बसले होते. अक्कलकोट रोडच्या गॅरेजात चाळीस वर्षं त्यांनी वडापच्या, म्हणजे गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या, जीपगाड्या दुरुस्त केल्या होत्या. नातीचा शब्द बरोबर बरगडीखाली लागला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग विचारलं,

"संघे, ह्या गाडीत माणसं किती बसत्यात?"

"दोन. एक चालवणार, एक रस्ता सांगणार."

"दोनच?"

"मग काय टपावर बसवू?"

आप्पांनी कपाळाला हात लावला आणि हसायला लागले. "चुकलं की माझं. मैंदर्गीच्या बाजारादिवशी एका जीपला पंधरा माणसं आन वर दोन शेरडं. स्प्रिंगांचे पाटे वाढवल्याबिगर गाडीचं बूड रस्त्याला घासायचं. जन्मात कधी मोकळी गाडी आली न्हाय माझ्याकडं. मऊ कर बाय. दोन माणसांपुरतं."

तिनं स्प्रिंगा मऊ केल्या आणि सरावाची फेरी मारली. गाडी उलटली नाही, पण उतरल्यावर दोनदा उसळली आणि वळण सोडून झाडीत शिरली.

"हे बघा. अजून उड्या मारतीच."

"चल भायेर."

दारात तिच्या वडिलांची, सतीशची, रिक्षा उभी होती. दुरुस्तीला म्हणून ती आज घरीच होती. आप्पांनी मागच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं.

"सगळा भार टाकून दाब. आन सोड."

तिनं दाबून सोडलं. रिक्षा वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, कुरकुरत तीनदा डोलली.

"आता उजवीकडं."

उजवी बाजू तेवढीच खाली बसली, सावकाश वर आली आणि थांबली.

"उजवा शॉकअप परवा बदलला. डावा राहिलाय," आप्पा म्हणाले. "दणका तर दोगांना सारखाच दिलास?"

"व्हय."

"मग?"

 आप्पा पायरीवर बसले आणि वाट बघत राहिले. संघप्रियानं पुन्हा डावी बाजू दाबली, मग उजवी, मग डावी. घरातलं घड्याळ तिला इथवर ऐकू येत होतं. तरीही तिनं एकदा आणखी उजवी दाबली आणि हात तसाच रिक्षावर ठेवून ती बाजू वर कशी येते ते बघितलं.

"हा परत येताना घाई करत न्हाय."

"तुझ्या गाडीत त्याला काय सोय हाय का?"

ती आत पळाली. शॉकअपच्या पानावर रिबाउंड नावाची, दबलेली स्प्रिंग किती वेगानं परत यावी ते ठरवणारी एक पट्टी होती. तिला तिनं आजवर हातच लावला नव्हता. तिनं ती सरकवली.

"लई बी नको," मागून येत आप्पा म्हणाले. "पुढच्या खड्ड्याच्या आत वर आली पायजे."

सरावात दोनदा जमलं. मग सहाला बारा मिनिटं असताना तिनं तिसरी फेरी सुरू केली. टेकाड जवळ आलं तसा आप्पांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. गाडी उडाली. चाकं मोकळी लोंबली. मग ती उतरली, खोल खाली बसली, क्षणभर तशी बसूनच धावली आणि हळूहळू उठून वळणाला लागली.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. संघप्रियानं या वेळी कंट्रोलर टेबलावर नीट ठेवला. मग ती आप्पांकडं वळली.

"आप्पा, मगाशी मी तुमाला लई बोलले."

"कदी?" आप्पा म्हणाले. खुर्चीच्या दांड्याला धरून ते सावकाश उठले. "चल, पाना आण. डावा तू बसवायचास."