पुलावरचा भालाईत

"बाबा, खरं सांग. पुलावरची लढाई तू मुद्दाम हरलास ना?"

प्रश्न तिचा नव्हताच. लंबू आणि चष्मिष, दोघी मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता. "बापाला विचारायची हिंमत नसेल, तर यापुढे सेनापती म्हणवून घ्यायचं नाही. आणि बसमधली खिडकीची जागा महिनाभर माझी," असं लंबूनं बजावलं होतं. बस चालवायचा सेनापतीचा बाबाच. शाळेची बस, बेचाळीस पोरं. पण खिडकीच्या भांडणात तो कधी पडायचा नाही.

सेनापती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाबा नुकताच कामावरून येऊन कॉम्प्युटरसमोर टेकला होता. पलीकडे आई इस्त्री करत होती.

घरचा नियम असा की एकाच कॉम्प्युटरवर दोघांचा युद्धाचा खेळ. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचं आणि "झालं" ऐकू येईपर्यंत वळायचं नाही. गेल्या रविवारी तिच्याकडे उरला होता फक्त एक भालाईत. सगळ्यात जुना, म्हणून त्याचं नाव आजोबा. नकाशाच्या पार डाव्या कडेला, पुलावर एकटा. बाबाकडे चार घोडदळं आणि मागे दोन तोफा. भालाइतावर घोडे घालायचे नसतात, आधी तोफ डागायची, हे तिला बाबानंच शिकवलेलं. तरी त्यानं चार पाळ्यांत चारही घोडदळं पुलावर घातली. आजोबांनी चारही आडवी केली. तोफा शेवटपर्यंत गप्प! सोमवारी सकाळी बसमधल्या झाडून सगळ्यांना ती लढाई पाठ झाली होती.

"कुठलाही बाप एवढा बावळट नसतो," चष्मिष म्हणाली होती. "तुझं मन राखलं असणार त्यांनी."

"बोल ना रे बाबा! माझी इज्जत टांगणीला लागलीये."

"मुद्दाम नाही हरलो," बाबा म्हणाला. "आईशपथ."

"येस!" तिनं जागच्या जागी उडी मारली. "ऐकलंस आई? तू साक्षीदार! पण मग तोफ का नाही डागलीस?"

"रिकाम्या पुलावर तोफ कशाला डागू?"

"रिकामा? आजोबा उभे होते की तिथे!"

आईची इस्त्री थांबली.

तिला वाटलं, चेष्टा चाललीये. तिनं झटकन रविवारचा नकाशा उघडला. "हे बघ. इथे."

"कुठे?"

"इथे रे! माझं बोट बघ."

बाबानं आधी मान वळवली, मग अख्खा खांदा. नाक पडद्याला लागेल इतका पुढे झुकला. "अच्छा," तो म्हणाला. "इथे होय. घोडे कुठे गायब होतायत तेच कळेना मला. तुला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"अहो, सांगून टाका आता," आई म्हणाली.

"डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं." बस पाच मिनिटं उशिरा येईल हे सांगावं, तसा तो सांगत होता.

तिला एकदम ती अक्षरं आठवली. गेल्या महिन्यात रोज संध्याकाळी आई स्वयंपाकघरात एकेक अक्षर विचारायची आणि बाबा घडाघडा म्हणायचा. तिला वाटलेलं, खेळातला एखादा गुप्त शब्द पाठ चाललाय. तीही हसत हसत मध्ये चुका काढायची.

"ती अक्षरं…"

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची," आई इस्त्रीकडे बघत म्हणाली. "तपासणीआधी फोटो काढून आणला होता यांनी."

"सातही ओळी," बाबा म्हणाला. आवाजात नकळत थोडी ऐट आली आणि लगेच ओसरली. "बसचा परवाना झाला पुढच्या वर्षाचा."

"आणि डोळ्याचं?"

"गेलेलं परत येत नाही म्हणतात. आहे ते टिकवायचं."

"दुसरं काम येतं का त्यांना?" आईचा आवाज चढला. "वीस वर्षं चाक धरलंय. सुट्टी लागेपर्यंत रेटू. अकराच आठवडे राहिलेत."

"रस्ता तर पाठ आहे मला," बाबा म्हणाला. "डोळे मिटूनसुद्धा…" आणि तो स्वतःच थांबला.

"रस्ता पाठ आहे. आणि रस्त्यात येणारी पोरं?" तिनं विचारलं.

आईच्या हातात बाबाचा उद्याचा शर्ट होता. घडी झाली होती, तरी ती पुन्हा घालत होती.

शाळेत सांगावं तर बाबाचं चाक गेलं. गप्प बसावं तर बेचाळीस जणं, त्यात लंबू, त्यात चष्मिष. खेळात पाळी टाळायचंही बटण असतं. इथे ते कुठे असतं, तिला कुणी शिकवलं नव्हतं. सवयीनं तिनं खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीला विचारून काय मिळणार होतं! मागे दोघंही वाट बघत होते.

"झालं," ती म्हणाली आणि वळली. गाल ओले होते, ते तिनं पुसले नाहीत.

"आई, बाबा, माझं ठरलं. उद्या मी सगळ्यांच्या आधी येऊन बसच्या दारात उभी राहणार. मी चढणार नाही आणि एकालाही चढू देणार नाही. बाबा, तू घोडे घाल नाहीतर तोफ डाग, मी हलणार नाही."