पलंगामागची भिंत

"घरात ओल आहे का?" दवाखान्यात दाखल केलेल्या सासऱ्यांची छाती तपासून डॉक्टरांनी विचारलं. मंदाकिनी "नाही" म्हणाली. पण घरी येऊन तिने आप्पांचा रिकामा पलंग ओढला, तर मागची भिंत बुरशीने काळी पडलेली.

अर्धांगवायूने आप्पांची वाचा गेल्यापासून, गार वारा बाधू नये म्हणून तिनेच खिडकी बंद ठेवली होती. ओले कपडेही त्याच खोलीत वाळायचे. आप्पा भिंतीकडे बोट दाखवायचे, तेव्हा थंडी वाजत असेल समजून ती आणखी एक गोधडी घालायची.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं आता सावरणार नाहीत."

"आप्पा, चुकलं माझं," ती हुंदका देत म्हणाली. त्यांनी चालत्या हाताने तिचे डोळे पुसले.

त्यांनी तो हात उगारला असता, तर तिला सोसलं असतं.